दुकानातले म्हातारे मांजर आणि मूत्रपिंडाचा ताळेबंद

धाराशिव, कळंब, उमरगा किंवा मुरूम, कोणत्याही मोंढ्यातील जुन्या आडत दुकानात गादी, काटा आणि गल्ला यांच्या जोडीला एखादे मांजर आढळते. ते कोणी विकत आणलेले नसते. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. सकाळी दुकान उघडल्यावर त्याला वाटीभर दूध मिळते, दुपारी घरून आलेल्या डब्यातील पोळीचा तुकडा मिळतो आणि पाहता पाहता दहा-बारा वर्षे निघून जातात. मग एके दिवशी ते मांजर पोत्यावर लघवी करू लागते. माल खराब होतो, ग्राहक नाक मुरडतात, हमाल तक्रार करतात. ‘म्हातारपणी खोड लागली’ असा निवाडा होतो आणि कित्येकदा त्या मुक्या जिवाला बारदानात बांधून दूरच्या एखाद्या वस्तीजवळ सोडून देण्यात येते.

हा निवाडा तपासाविना दिलेला असतो. मांजर हा स्वभावतःच स्वच्छ प्राणी आहे. जन्मभर माती उकरून विधी झाकणारे मांजर अचानक जागा चुकवू लागले, तर त्याचे मूत्राशय किंवा मूत्रपिंड बिघडल्याची शंका सर्वांत आधी घ्यावयास हवी. उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार अतिशय सामान्य आहे. तो समूळ बरा होत नाही. मात्र वेळेवर ओळखला आणि नीट सांभाळला, तर अनेक मांजरे त्यानंतरही महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे समाधानाने जगतात.

भांडवल झिजते, पेढी चालूच दिसते

व्यापारी कुटुंबांना हा आजार व्यापाराच्या भाषेत चटकन उमगेल. मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दोन लाख सूक्ष्म घटक असतात. वय वाढते तसे ते एकेक करून निकामी होतात आणि उरलेले घटक त्यांचे काम अंगावर घेतात. जशी एखादी पेढी राखीव भांडवलातून खर्च भागवीत राहते आणि बाहेरून तिचा व्यवहार सुरळीत दिसतो, तसेच येथे घडते. साधारणतः दोन-तृतीयांश कार्यशक्ती संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. रक्तातील क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढते तेव्हा तर तीन-चतुर्थांश भांडवल गेलेले असते.

पहिली लक्षणे फसवी असतात. मांजर पूर्वीपेक्षा जास्त पाणी पिते आणि जास्त लघवी करते. मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून पाणी वाहून जाते आणि म्हणून तहान लागते. घरच्यांना मात्र वाटते की, पाणी पिते आहे म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. पुढे वजन घटते, केस निस्तेज होतात, भूक मंदावते, उलट्या होतात, तोंडाला उग्र वास येतो. काही मांजरांचा रक्तदाब इतका वाढतो की, डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊन दृष्टी एकाएकी जाते.

निदानासाठी रक्तातील क्रिएटिनिन व युरिया, लघवीची घनता, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब पाहतात. मूत्रपिंडाच्या आजारांवर काम करणाऱ्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने त्याचे चार टप्पे ठरविले आहेत. मांजरात क्रिएटिनिन १.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले तर पहिला, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या पुढे चौथा. दुसऱ्या टप्प्यात हाती आलेल्या मांजराला सांभाळणे सोपे जाते, चौथ्यात फार कठीण. म्हणून दहा वर्षांवरील मांजराची वर्षातून किमान एकदा, शक्य तर दोनदा तपासणी करावी.

जेथे वाट पाहणे जिवावर बेतते

मूत्रपिंडाचा आजार सावकाश चालतो, परंतु मूत्रमार्गाचा एक आजार तासांच्या हिशेबाने चालतो आणि या दोहोंतील फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खड्यांचे बारीक कण किंवा चिकट बुळा अडकून ती बंद होते. बोका पुनःपुन्हा बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो, पण लघवीचा थेंबही येत नाही. घरात याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजले जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. लघवी पूर्ण तुंबली, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते; एक ते दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. अशा वेळी रात्र असो वा बाजाराचा दिवस, बोक्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. गुंगी देऊन नळी घातली की मार्ग मोकळा होतो.

मांजरी असेल तर मार्ग सहसा तुंबत नाही, परंतु मूत्राशयाचा दाह तिलाही होतो. वारंवार थोडी थोडी लघवी, तीत रक्त, ही त्याची खूण. अनेकदा या दाहामागे जंतू नसून भय आणि ताण असतो. दुकानाची जागा बदलणे, नवे मांजर येणे, रोजची आरडाओरड, इतकेही कारण पुरते. मार देऊन ही ‘खोड’ सुटत नाही. माराने दाह वाढतो.

काटा आणि वही

या आजारात सर्वांत उपयोगी दोन साधने प्रत्येक व्यापाऱ्याकडे आहेत. पहिले म्हणजे काटा. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम वजन घटले, तर ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटल्यासारखे आहे. पण केसाळ अंगामुळे डोळ्यांना ते दिसत नाही. निदानाच्या सुमारे तीन वर्षे आधीपासूनच वजन उतरू लागते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसह मांजर ठेवावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. दर पंधरवड्याला दोन मिनिटांचे काम.

दुसरे साधन म्हणजे वही. वजन, पाण्याच्या किती वाट्या रिकाम्या झाल्या, वाळूत लघवीचे किती गोळे आढळले, किती खाल्ले, उलटी झाली काय, औषध दिले काय, एवढ्या नोंदी तारखेसह ठेवाव्यात. लघवी मोजता यावी म्हणून म्हाताऱ्या मांजरासाठी दुकानाच्या शांत कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवावे. सांधे दुखत असल्याने त्याचा काठ ठेंगणा असावा. डॉक्टरांसमोर ‘जरा सुस्त वाटते’ असे सांगण्यापेक्षा ही वही ठेवली, तर निम्मे निदान तेथेच होते.

ही तयारी आपल्या जिल्ह्यात विशेष मोलाची आहे. येथील पशुवैद्यकांचा बहुतांश वेळ गाई, म्हशी आणि प्रसिद्ध उस्मानाबादी शेळी यांच्या उपचारात जातो. मांजराच्या रक्त-लघवीच्या बारीक तपासण्यांसाठी कित्येकदा सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. उदगीर आणि परभणी येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. प्रवास मांजराला मानवत नाही. म्हणून जाणे मोजके आणि तयारीनिशी असावे.

पाणी

पाळीव मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. कोरड्या मुलखात शिकारीच्या मांसातील ओलाव्यावर जगण्याची त्याची घडण. त्यामुळे मांजराला तहानेची जाणीव मुळातच मंद असते. अवर्षणप्रवण धाराशिवात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या गोदामात तर त्याहून अधिक उकडते. निरोगी मांजर हे निभावून नेते, मूत्रपिंडाचा रुग्ण एका दिवसात कोलमडतो.

पाण्याच्या दोन-तीन रुंद वाट्या वेगवेगळ्या जागी, खाण्यापासून आणि घमेल्यापासून दूर ठेवाव्यात. पाणी रोज बदलावे. कोरड्या दाण्यांऐवजी ओले अन्न द्यावे किंवा अन्नात कोमट पाणी मिसळावे. आजार वाढल्यावर डॉक्टर त्वचेखाली सलाईन देण्याचा सल्ला देतात. खांद्यांमधली सैल कातडी उचलून त्यात सुई घालतात. तेथे जमलेला द्रवाचा फुगा काही तासांत शोषला जातो. डॉक्टरांनी एकदा हाताला धरून शिकविले, की घरातील माणूसही हे करू शकतो. प्रमाण आणि वार मात्र त्यांनीच ठरवावेत, कारण हृदय दुर्बल असल्यास अधिक द्रव घातक ठरतो.

ताटातला प्रश्न

जैन घरात खरी कोंडी येथे होते. भूम-कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी नावाजलेला, दुधाची परंपरा मोठी. तेव्हा मांजराचा आहार म्हणजे दूध-पोळी हे गृहीतच धरले जाते. दहा वर्षे त्यावर धडधाकट राहिलेले मांजर पाहून तो पुरेसा आहे, असेही वाटते. या हिशेबात एक जमा नोंदलेलीच नसते. ते मांजर दूध-पोळीवर जगत नव्हते, उंदरांवर जगत होते. दात गेले, झेप घटली, शिकार थांबली आणि दूध-पोळी हाच एकमेव आहार उरला, की उणीव उघडी पडते.

मांजराचे शरीर टॉरिन हा घटक पुरेसा बनवू शकत नाही. त्याच्या अभावाने दृष्टी जाते आणि हृदय फुगून दुर्बल होते; हृदयविकाराचा हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला. गाजर-पालकातील कॅरोटीनपासून मांजर ‘अ’ जीवनसत्त्वही तयार करू शकत नाही. दुधाविषयी सांगायचे तर, अनेक प्रौढ मांजरांना त्यातील शर्करा पचत नाही, जुलाब होऊन अंगातील पाणी कमी होते. शिवाय दुधात फॉस्फरस भरपूर, आणि दुबळ्या मूत्रपिंडाला सर्वाधिक जड जाणारा घटक तोच. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी फॉस्फरस कमी केलेला खास आहार मिळतो आणि त्याने आयुष्य लांबते असा अनुभव आहे. पण तो प्रायः मांस-मासळीपासून केलेला असतो.

शास्त्रकारांना हा पेच अपरिचित नव्हता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते. त्यात मांजरासारखे हिंस्र प्राणी धंद्यासाठी पोसण्याचा निषेध आहे. म्हणूनच हौसेने मांजर आणू नये, असे वडीलधारे सांगत आले. परंतु त्याच परंपरेत अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये ‘अन्नपाननिरोध’ सांगितला आहे. आश्रित जिवाचे अन्नपाणी रोखणे हाही दोष आहे. ज्या मांजराच्या उंदरांनी दहा वर्षे गोदाम राखले, त्याला म्हातारपणी अपुऱ्या आहारावर झिजविणे या दुसऱ्या नियमात बसत नाही.

मग मार्ग कोणता? काही कुटुंबे डॉक्टरांनी सांगितलेला आहार स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या भांड्यात देतात. काही शाकाहारी पूर्ण आहाराचा विचार करतात. त्यात घातलेले टॉरिन रासायनिक पद्धतीने बनविलेले असते. परंतु आजारी मांजराला असा आहार केवळ पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि नियमित तपासणीसह द्यावा. घरच्या पोळीवर टॉरिनची भुकटी भुरभुरली म्हणजे आहार पूर्ण होत नाही. निर्णय प्रत्येक घराने आपल्या विवेकाने घ्यावा, मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा.

औषधांचा मोह

घरातील औषधाचा डबा मांजरासाठी धोक्याचा आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मूत्रपिंड बंद पाडतात. अंगणातील लिलीची पाने, फुले, परागसुद्धा त्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. मोंढ्यात उभ्या ट्रकमधून गळणारे कूलंट चवीला गोड असते, आणि त्यातील इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंड नष्ट करते. असे डबके दिसताच भरपूर पाण्याने धुऊन काढावे.

अखेरचा काळ

पंधरा वर्षांचे मांजर म्हणजे माणसाच्या मानाने पंचाहत्तरी ओलांडलेला जीव. शेवटच्या टप्प्यात ते खाणे सोडते. ‘त्याने अन्नपाणी सोडले, शांतपणे जाऊ द्या’ असे मग घरात म्हटले जाते. या ठिकाणी एक भेद जपला पाहिजे. याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. ते ज्ञानपूर्वक स्वीकारलेले व्रत होते. मांजर खात नाही, कारण रक्तात साचलेल्या विषद्रव्यांमुळे त्याला मळमळते, तोंडात व्रण झालेले असतात. ते व्रत नसून वेदना आहे आणि वेदनेवर उपाय असतात. मळमळ थांबविणारे औषध, थोडे सलाईन, कोमट करून सुगंध सुटलेले अन्न, यांनी अनेक मांजरे पुन्हा खाऊ लागतात.

उपाय संपल्यावर दयामरणाचा पर्याय डॉक्टर सांगतात. अनेक जैन कुटुंबांना तो मान्य होत नाही. तो नाकारला, तर वेदनाशमनाची जबाबदारी दुप्पट होते. मऊ अंथरूण, अंग स्वच्छ पुसणे, डॉक्टरांकडून वेदना व मळमळीवर औषध आणि जवळ एखादे ओळखीचे माणूस, इतके तरी त्याला मिळाले पाहिजे. काहीच न करणे हा अहिंसेचा पर्याय नव्हे.

कायदाही येथे स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे आणि त्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. बारदानात बांधून दूर सोडलेले म्हातारे मांजर पाण्यावाचून फार काळ तगत नाही. पोते ओले झालेले दिसताच बारदान शोधण्याऐवजी काटा पुढे ओढावा, मांजर तोलावे, आणि त्या दिवशीची पहिली नोंद वहीत करावी.