घरघर, खडखड, थरथर : मोटारीच्या पुढील अंगातील दोष आणि त्यांची नावे

मोटार दुरुस्तीस आणणारा मनुष्य आपली तक्रार सहसा यंत्रशास्त्राच्या परिभाषेत मांडीत नाही. ‘पुढून घरघर येते’, ‘खड्ड्यात खडखडते’, ‘स्टेअरिंग थरथरते’ असे तो सांगतो. ही अभ्यस्त रूपे सैल बोलण्याची म्हणून दुर्लक्षिली जातात. वस्तुतः त्यांत दोषाविषयीची पुष्कळशी निश्चित माहिती साठविलेली असते. तिची व्याप्ती आणि मर्यादा पाहावयास पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके सोयीचे आहेत. शिरूरवरून पुणे–अहिल्यानगर आणि दौंड तालुक्यातून पुणे–सोलापूर महामार्ग जातो. दोहोंच्या मध्ये उसाच्या पट्ट्यातील आतले रस्ते आहेत. त्यामुळे एकाच प्रवासात सलग वेग आणि खडबडीत पृष्ठभाग या दोहोंची कसोटी मिळते.

पहिला भेद स्पर्श आणि श्रवण यांचा आहे. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरल्यास ताशी ९० किलोमीटर वेगास ते सेकंदास सुमारे १४ फेरे घेते. सेकंदास सुमारे २० पेक्षा कमी कंपने मानवी कानास स्वररूपाने ऐकू येत नाहीत. ती हातास जाणवतात. चाकाचे वजन असमतोल असेल तर दर फेऱ्यास एक हिसका बसतो, आणि म्हणून बोलणारा येथे ‘घरघर’ न म्हणता ‘थरथर’ म्हणतो. हा कंप बहुधा ताशी ८० ते ११० किलोमीटरांच्या दरम्यान प्रकट होतो. तोच केवळ ब्रेक दाबताना जाणवला, तर संशय प्रथम ब्रेकच्या डिस्कवर घ्यावयास हवा.

दुसरा भेद शब्दाच्या अंत्य व्यंजनात आहे. ‘घरघर’, ‘गुणगुण’, ‘भणभण’ यांच्या अंती र किंवा ण येतो, आणि हे शब्द अखंड नादाचे वाचक आहेत. ‘खटखट’, ‘टकटक’ यांच्या अंती स्पर्शव्यंजन असून ते सुट्या आघातांचे वाचक आहेत. स्पर्शव्यंजनाच्या उच्चारात हवेचा मार्ग क्षणभर पूर्ण बंद होतो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. दोषांची विभागणीही बरीचशी अशीच पडते. अखंड नाद फिरणाऱ्या भागांतून, म्हणजे टायर किंवा बेअरिंग यांतून येतो. सुटा आघात ढिल्या सांध्यातून येतो. खड्ड्यात होणारी खटखट बॉल जॉइंट किंवा टाय-रॉड यांची असू शकते. स्टेअरिंग पूर्ण वळविले असता होणारी टकटक बहुधा चाकास गती देणाऱ्या दांड्याच्या सांध्याची असते.

तथापि शब्द आवाजाची जात सांगतो, कारण सांगत नाही. टायरचीही घरघर आणि बेअरिंगचीही घरघरच. येथे वर्णविचारातील लघुतम युग्माची पद्धती उपयोगी पडते : बाकी सर्व तसेच ठेवून एकच घटक बदलावयाचा. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर त्याच वेगाने येताच आवाज पालटला, तर तो टायरचा असण्याचा संभव अधिक. तसाच राहिला, तर बेअरिंगचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली, तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. पुढील टायर मागे बसविल्यावर आवाजही मागे गेला, तर निर्णय टायरविरुद्ध लागतो.

हा प्रश्न निव्वळ शब्दचर्चेचा नव्हे. गाडीमालकाची ‘खटखट’ आणि ‘घरघर’ ही दोन्ही जॉबकार्डावर ‘पुढून आवाज’ एवढ्याच शब्दांत नोंदली गेली, तर त्याने केलेला भेद कारागिरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नष्ट होतो. अतिशय झिजलेला बॉल जॉइंट चालत्या गाडीत निखळल्यास चाक कोलमडते आणि गाडी आवरत नाही. म्हणून तक्रारकर्त्याचा मूळ शब्द जसाच्या तसा टिपून घेणे, आणि आवाज कोणत्या वेगास, कोणत्या रस्त्यावर, वळताना की ब्रेक दाबताना होतो हे त्यापुढे लिहिणे अगत्याचे आहे. निदानाचा आरंभ जॅक लावण्यापूर्वीच, तो शब्द लक्षपूर्वक ऐकण्यापासून होतो.