वायरबुश : पावाच्या भट्टीचे गाव

जर्मनीतील कोलोनहून फ्रँकफर्टकडे जाणारा जुना मार्ग राइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड या डोंगराळ प्रदेशातून जातो. याच मार्गावर वायरबुश हे लहानसे खेडे वसले आहे. येथील हवामान थंड, जमीन हलकी. शेतकऱ्याची सारी भिस्त बटाटा व राय या पिकांवर. १८४६ मध्ये पिके बुडाली आणि हिवाळ्यात गावावर उपासमार ओढवली. सावकार मात्र दारी हजर होतेच.

त्या वेळी फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन (१८१८-१८८८) येथील महापौर होते. त्यांनी सधन गावकऱ्यांकडून निधी उभारला, पीठ विकत घेतले, गावची सामाईक भट्टी बांधली आणि गरजूंना पाव दिला. फुकट नव्हे, उधारीवर! आमच्या मते या कथेचे मर्म या उधारीतच आहे. तिने गरिबाची पत मान्य केली.

पुढे शेजारच्या फ्लामर्सफेल्ड येथे १८४९ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांना गुरे घेण्यासाठी साह्य करणारी संस्था काढली. तथापि धनिकांचा दानभाव फार काळ टिकत नाही, हे अनुभवास आल्यावर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे कर्जदारांनाच सभासद करून घेण्यात आले. सर्वांची जबाबदारी अमर्यादित, कार्यक्षेत्र मात्र लहान. ज्या गावात प्रत्येकजण एकमेकांस ओळखतो, तेथे ती ओळख हेच तारण ठरते.

मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी केलेल्या अहवालात (१८९५-९७) याच पद्धतीचा पुरस्कार होता. १९०४ च्या भारतीय सहकारी पतसंस्था कायद्यावरही तिची छाप आहे.

वायरबुशचा माल राइनकाठच्या बाजारपेठेत पोहोचावा म्हणून रायफायझन यांनी रस्ताही बांधविला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.