बाळ जन्मलं की पहिला तास आईच्या छातीवरच ठेवा. चिकाचं दूध पिळून फेकू नका

गाय व्याली की गोठ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. वासरू धडपडत उठतं, दोन-चारदा पडतं आणि तासा-दोन तासांत कासेपर्यंत पोचतं. पोचलं नाही तर घरातला जाणता माणूस त्याला धरून लावतो. पहिला चीक वासराच्या पोटात गेलाच पाहिजे, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. उरलेल्या चिकाचा खरवस होतो, तो शेजारीपाजारीही वाटला जातो.

माणसाच्या बाळाच्या बाबतीत मात्र अनेक घरांत उलटंच घडतं. आईचं पहिलं पिवळसर दूध 'जड आहे, बाधेल' म्हणून पिळून फेकतात. बाळाला आधी मध चाटवतात, नाहीतर गुळाचं पाणी देतात. बाळ गुंडाळून नातेवाईकांच्या हातात फिरतं आणि बाळंतीण तिकडे एकटी पडून राहते. यात जो वेळ जातो, तोच बाळासाठी सगळ्यात मोलाचा असतो.

बाळ स्वतःच शोधतं

नुकतंच जन्मलेलं बाळ म्हणजे काहीच न कळणारा मांसाचा गोळा, असा समज आहे. तो खरा नाही. स्वीडनमधल्या ॲन-मारी विडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याचा अभ्यास मांडला. जन्मल्यावर बाळाला पुसून लगेच आईच्या उघड्या पोटावर किंवा छातीवर ठेवलं आणि मध्ये हात घातला नाही, तर ते आपणहून स्तनापर्यंत जातं आणि प्यायला लागतं, असं त्यात दिसलं.

हे एका झटक्यात होत नाही. आधी बाळ रडतं, मग शांत पडून राहतं. थोड्या वेळाने डोळे उघडतं, तोंड हलवतं, हात चोखतं. मग पायाने आईच्या पोटावर रेटा देत इंचाइंचाने वर सरकतं. मध्येच दमून थांबतं आणि पुन्हा निघतं. स्तनाजवळ आलं की वास घेतं, चाटतं आणि शेवटी तोंडात धरतं. बहुतेक बाळांना याला साधारण तासभर लागतो. काहींना थोडा जास्त लागतो.

वाट दाखवतो तो मुख्यतः वास. गर्भजलाचा वास बाळाच्या हाताला असतो आणि आईच्या स्तनाचा वास त्याच्याशी जुळता असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० आयांचा एक स्तन धुतला आणि दुसरा तसाच ठेवला. ३० पैकी २२ बाळं न धुतलेल्या बाजूला गेली. म्हणूनच पहिल्यांदा पाजण्याआधी छाती साबणाने घासून धुण्याची गरज नाही. स्तनाग्राभोवतीचं गडद वर्तुळही बाळाच्या अंधुक नजरेला खुणेसारखं दिसतं.

'आधी वजन, मग आई' का नको?

पहिल्या तास-दीड तासात बाळ चांगलं जागं आणि सावध असतं. त्यानंतर ते बराच वेळ झोपतं. जागेपणाचा हा वेळ वजन, अंघोळ, कपडे आणि फोटोत गेला, तर पुढे पाजताना बाळ नीट धरत नाही.

स्वीडनमध्येच १९९० साली ७२ बाळांवर झालेला अभ्यास हेच सांगतो. आईच्या अंगावर न हलवता राहिलेल्या ३८ बाळांपैकी २४ बाळं नीट चोखायला लागली. ज्यांना २० मिनिटांतच मोजमापासाठी उचललं, त्या ३४ पैकी फक्त ७ बाळांना ते जमलं.

वजन तासाभराने केलं तरी ते तेवढंच भरतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्तनपान जन्मल्यापासून तासाभरात सुरू व्हावं आणि बाळाची पहिली अंघोळ किमान २४ तासांनी व्हावी. तोवर नुसतं कोरडं पुसणं पुरेसं आहे.

चीक थोडाच, पण पुरेसा

'आईला दूधच आलं नाही' ही तक्रार पहिल्या दिवशी घरोघरी ऐकू येते. खरं तर पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक आला तरी तो पुरतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. पांढरं, भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं. बाळ जितकं चोखेल, तितकं ते लवकर उतरतं.

या चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर साफ होते. ती साफ झाली की काविळीचा जोरही कमी राहायला मदत होते.

मध नैसर्गिक असला तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये. त्यात असे जंतू असू शकतात की ज्यांनी बाळाचे स्नायू लुळे पडतात. गूळपाणी, साखरपाणी, घुटी यांनी पोट भरतं, मग बाळ चोखत नाही आणि आईचं दूध उतरायला उशीर होतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको.

बाळंतिणीचाही फायदा

बाळाच्या स्पर्शाने आणि चोखण्याने आईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य तयार होतं. त्याने गर्भाशय आकसतं, वार पडायला मदत होते आणि रक्तस्राव कमी होतो. पाजताना ओटीपोटात कळ येते ती यामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आईच्या अंगाची ऊब बाळालाही गरम ठेवते.

दवाखान्यात बाळंतपण झालं, तरी अडतं कुठे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण तासाभरात आईचं दूध मिळतं ते १०० पैकी साधारण ४२ बाळांनाच. म्हणजे दवाखाना गाठला, तरी पहिला तास हातचा जातोच. कुठे लेबर रूममध्ये घाई असते, कुठे घरच्यांचा आग्रह आड येतो.

त्यामुळे बोलणं बाळंतपणाच्या आधीच झालेलं बरं. नववा महिना लागला की सासू, आई, नवरा आणि आशाताई यांनी एकदा बसून ठरवावं. भरती होताना सिस्टरला सरळ सांगावं: 'बाळ बरं असेल तर पुसून आईच्या छातीवर ठेवा, वजन नंतर करा.' हे मागणं वेगळं नाही. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेला 'माँ' कार्यक्रमही हेच सांगतो.

हे लक्षात ठेवा

- बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीवर, वरून कोरडं कापड आणि डोक्याला टोपी. नाक-तोंड मोकळं, मान एका बाजूला. जवळ एक जाणतं माणूस सतत हवं.
- बाळाचं डोकं धरून जबरदस्तीने स्तनावर दाबू नये.
- सिझर झालं तरी आई शुद्धीवर असेल आणि दोघांची तब्येत ठीक असेल, तर लवकर पाजता येतं. आईला आधार द्यायला कुणीतरी हवं.
- बाळ कमी दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल, तर आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने देता येतं. डॉक्टर सांगतील तसं करावं. बाटली नको.
- डब्याचं दूध 'वरून थोडं' म्हणून आपल्या मनाने सुरू करू नये. त्याच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुने वाटण्यावर देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळ नीट धरत नसेल, स्तनाग्राला चिरा पडल्या असतील, तर लाज न बाळगता त्यांना सांगावं.

बाळ जन्मल्यावर रडलं नाही, श्वास जोरात चालतोय, अंग गार पडलंय, उठवूनही चोखत नाही, किंवा आईला रक्त जास्त जातंय, असं काही दिसलं तर वाट पाहू नये. दवाखान्यात असाल तर लगेच डॉक्टरांना बोलवा, घरी असाल तर १०८ ला फोन करा.