प्लॅन वाढवण्याआधी राउटर हलवा

नेट रखडलं की कंपनीला फोन लावायचा आणि पलीकडून सुचवलेला मोठा प्लॅन घ्यायचा, ही आता घरोघरची रीत झाली आहे. पण कंपनीचा वेग पोचतो तो दारातल्या फायबरच्या डबीपर्यंत. तिथून मोबाइलपर्यंतचा प्रवास रेडिओ लहरींचा, आणि बऱ्याचदा वेग गळतो तो याच वीस-तीस फुटांत. नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत काय किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमधला आरसीसी कॉलम काय, या लहरींना दोन्ही नडतात. त्यात राउटर असतो दारामागच्या चपलांच्या कपाटात, कारण वायर तिथवरच आली! १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केल्याने भिंत पातळ होत नाही.

मोबाइलवर घरच्या नावाची दोन नेटवर्कं दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी ‘५जी’ असतं. त्याचा सिमकार्डच्या ५जीशी काडीचा संबंध नाही; तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. दुसरा २.४ चा. तो भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण वेग कमी आणि गर्दी फार. सिडकोत एकाला एक लागून घरं. तिथे वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांच्या नावांची रांग लागते, आणि या सगळ्यांना एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. पाचाच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याचा मोठा भाग परवानामुक्त केला. मात्र भिंतींपुढे तो लवकर दमतो. म्हणून हॉलमधला टीव्ही ५ वर आणि मागच्या दारचा कॅमेरा २.४ वर, अशी विभागणी बरी. राहता राहिल्या अँटेना. त्या चार असल्या म्हणून पल्ला चौपट होत नाही.

कोणी म्हणेल, दोष कंपनीचाही असतो की. असतोच, आणि ओएनटीवर, म्हणजे दारातल्या त्या फायबरच्या डबीवर, ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, तिथे राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही, तक्रारच नोंदवा. एरवी निवाडा सोपा आहे. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, तो लॅन केबलने राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊच्या गर्दीत. केबलवरही वेग पडला तर आधी राउटरचं पोर्ट तपासा. जुन्या राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, ३०० चा प्लॅन घेतला तरी आकडा ९५ च्या आसपास अडतो. पोर्ट ठीक असेल तर जाब कंपनीला विचारा. आणि केबलवर पूर्ण वेग मिळत असेल, तर मोठ्या प्लॅनचे पैसे वाया जाणार हे नक्की. त्यापेक्षा राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, जरा उंच ठेवा. डबी दारातच राहू द्या. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तर दहा-पंधरा मीटर पुरते. प्लॅनचा विचार त्यानंतर करा.