आधी मान की आधी काम?

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर शहापूर लागते. इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, आणि मोठा रस्ता सोडून आत वळले की धानाच्या बांध्या सुरू होतात. माणसाची किंमत करायची आपल्याकडची तीन मापे, म्हणजे पदवी, पक्की नोकरी आणि जमीन, या एवढ्याशा टापूत शेजारी शेजारी नांदतात. यांपैकी एकही हाती न लागलेल्या तरुणाला हल्ली चौथीच गोष्ट ऐकवली जाते: आधी स्वतःवर प्रेम करायला शीक, आत्मसन्मान वाढव, यश मागोमाग येईल. व्याख्याने, मोबाइलवरचे रील, स्पर्धा परीक्षांचे क्लास, सगळीकडे हाच मंत्र. सांगणाऱ्याची नियत चांगली असते, यात शंका नाही. पण गेल्या पन्नासेक वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले ते पाहिले, तर सल्ल्याचा क्रम चुकलेला दिसतो. हातून काहीतरी घडते, ते चार माणसांच्या उपयोगी पडते, आणि स्वतःविषयीचे मत त्याच्या मागून सुधारते. रोजच्या आनंदाचे गणितही बरेचसे असेच आहे.

आत्मसन्मान वाढला की बाकी सगळे सुधारते, हा समज एकदा सरकारी धोरण म्हणून राबवूनही झाला आहे. 1986 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने जॉन व्हास्कोन्सेलोस या लोकप्रतिनिधीच्या आग्रहावरून आत्मसन्मानाच्या प्रसारासाठी एक कृतिदल नेमले. 1990 मध्ये त्याचा अहवाल आला. आत्मसन्मान ही जणू सामाजिक लस आहे, ती टोचली की गुन्हेगारी, व्यसने, शाळेतले अपयश यांना आळा बसेल, असा त्याचा सूर होता. मग मुलांना ‘तू खास आहेस’ असे सांगत राहण्याची लाटच आली. 2003 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचा पुरावा एकत्र करून तपासला. शाळेतले गुण आणि आत्मसन्मान यांचा संबंध क्षीण निघाला, आणि जो होता तो बहुतांशी उलट्या दिशेचा होता: गुण चांगले मिळाले म्हणून मुलाला स्वतःविषयी बरे वाटले. दुसऱ्याला छळणारी मुले आतून खचलेली असतात, ही लोकप्रिय समजूतही टिकली नाही. स्वतःला चांगले समजणारी माणसे अधिक आनंदी असल्याचे सांगतात आणि पुढाकार घेतात, एवढे मात्र खरे ठरले. यावर आक्षेपही आला आहे, आणि तो वजनदार आहे. 2022 मध्ये उलरिश ऑर्थ आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी नव्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांच्या आधारे सांगितले की आत्मसन्मानाचा फायदा नाती, काम, आरोग्य अशा अनेक क्षेत्रांत दिसतो. तो लहान आहे, पण खरा आहे. हे मान्य करायला हवे. आत्मसन्मान निरुपयोगी आहे असे म्हणणे म्हणजे दुसरे टोक गाठणे. प्रश्न एवढाच उरतो की तो वाढवायचा कसा, आणि इथेच बाजारातला सर्वांत खपाऊ उपाय कुचकामी ठरतो.

तो उपाय म्हणजे आरशासमोर उभे राहून स्वतःला चांगले म्हणत राहणे. 2009 साली जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात याची परीक्षा घेतली. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, तेव्हा ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध काढले होते, त्यांना आणखी वाईट वाटले. कारण समजण्यासारखे आहे. मनाला न पटणारे विधान जबरदस्तीने म्हटले की मन लगेच विरोधी साक्षीपुरावे काढू लागते. मुलांच्या कौतुकाचेही असेच. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ हे ऐकलेल्या मुलांनी पुढे अवघड कोडी टाळली आणि अपयश येताच ती लवकर ढेपाळली. ‘तू मेहनत घेतलीस’ हे ऐकलेली मुले टिकून राहिली. एडी ब्रुमेलमन यांनी 2014 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मोठी माणसे भरमसाट कौतुक नेमके त्याच मुलांचे करतात ज्यांना स्वतःविषयी कमी वाटते, आणि त्या कौतुकाने तीच मुले आव्हानापासून दूर पळतात. स्तुतीची पातळी राखायचे ओझे होते, दुसरे काय! ‘आमचा पोरगा लहानपणापासूनच हुशार’ असे पाहुण्यांसमोर सांगणाऱ्या आईबापांनी यावर जरा विचार करावा.

यावरून कुणी म्हणेल की मग जुनी रीतच बरी, छडी लागे छमछम. तसे नाही. कठोरपणाने माणूस घडतो, स्वतःला फैलावर घेतले की सुधारणा होते, हा तितकाच पक्का आणि तितकाच चुकीचा समज आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या 2012 च्या प्रयोगांत, अवघड परीक्षेत पहिल्यांदा नापास झालेल्यांपैकी ज्यांना ‘अशी परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका’ अशा आशयाचे सांगितले गेले, त्यांनी दुसऱ्या प्रयत्नाआधी जास्त वेळ अभ्यास केला. फाजील लाड केले तर माणूस आळशी होईल ही भीती इथे लागू पडत नाही, कारण लाड आणि समजूत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाड करणारा चूक झाकतो. समजूत काढणारा चूक दाखवतो, पण चुकीवरून अख्ख्या माणसाचा निकाल लावत नाही. सत्र परीक्षेत विषय राहिलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला घरी नेमके काय ऐकायला मिळते, यावर त्याचा पुढचा महिना अवलंबून असतो.

आता या विषयातला सर्वांत खोल गैरसमज, आणि तो भंडारा जिल्ह्याच्या इतिहासाशी भिडतो. ज्यांना समाज हीन लेखतो त्यांचा आत्मसन्मान आपोआप खालावलेला असणार, असे आपण गृहीत धरतो. तर्क सरळ वाटतो. पुरावा तसा नाही. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी 1989 मध्ये दाखवले की तुच्छता सोसणाऱ्या गटांतली माणसे स्वतःला अनेकदा कमी लेखत नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा सरासरी आत्मसन्मान तर गोऱ्यांपेक्षा जास्त असल्याचे पुढच्या मोठ्या पाहण्यांत आढळले. क्रॉकर आणि मेजर यांनी दिलेल्या स्पष्टीकरणांपैकी एक आपल्याला फार जवळचे आहे: अपमान हा माझ्या नालायकीचा दाखला नसून समोरच्याचा अन्याय आहे, हे एकदा ओळखले की तो आत शिरत नाही. या शोधनिबंधाच्या कितीतरी आधी ही ओळख सामुदायिक पातळीवर करून देणारी चळवळ महाराष्ट्रात झाली होती. 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याची आणि त्यांचे मांस खाण्याची चाल सोडायला सांगितली, तेव्हा ते कुणाला आरशासमोर उभे करत नव्हते. ते एक कृती बंद करायला आणि दुसरी सुरू करायला सांगत होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी घेतलेल्या 22 प्रतिज्ञाही बहुतांशी वागण्याच्याच आहेत: काय करणार नाही, काय करीन.

याच बाबासाहेबांनी 1954 मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. त्याआधी 1952 मध्ये मुंबईतही त्यांचा पराभव झाला होता. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला मतदारांनी दोनदा नाकारले, यातून त्यांची योग्यता मोजली गेली असे आज कुणीही म्हणणार नाही. पण तीन गुणांनी तलाठी भरती हुकलेल्या आपल्या भाच्याच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (1913–2007) यांचा सगळा रोख याच सवयीवर होता. त्यांच्या मते आत्मसन्मान ही कल्पनाच निसरडी आहे, कारण तो आज यशाने चढतो आणि उद्या अपयशाने उतरतो. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. मुंबईचे किशोर फडके आणि डॉ. अंजली जोशी यांच्या लेखनातून हा विचार मराठी वाचकाला परिचयाचा झाला आहे. एलिस म्हणतात माप लावूच नका, आंबेडकरी चळवळ म्हणते माप लावणाऱ्याचा अधिकारच आम्हाला मान्य नाही. मला दुसरी भूमिका आपल्या समाजात अधिक उपयोगाची वाटते. जातीचे माप बाहेरून लावले जाते, आणि नुसते मनातले गणित बदलून ते जात नाही.

क्रम उलटा आहे याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र उपचारांच्या क्षेत्रातून येतो, तोही आपल्या शेजारून. ‘मन लागले की काम करीन’ असे निराश माणूस म्हणतो, आणि घरचेही मन लागण्याची वाट पाहत बसतात. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या तीव्र नैराश्याच्या सुमारे 500 रुग्णांवर एक चाचणी केली. ती 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठका व्हायच्या आणि गाभा एकच: मूड कसाही असो, आधी बरी वाटणारी, अर्थ असलेली छोटी कामे दिवसात परत आणायची. तीन महिन्यांनी या गटातले सुमारे 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. कृती पुढे चालली, मन मागून आले. आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत, ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. तिथे गावातल्याच कार्यकर्त्यांच्या मदतीने, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. इथे एक खुलासा आवश्यक आहे. नैराश्य हा आजार आहे. त्याला ‘आत्मविश्वास कमी’ म्हणून सोडून देणे धोक्याचे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आनंदाविषयीचा गैरसमजही याच जातकुळीचा: तो मोठ्या प्राप्तीनंतर एकरकमी मिळतो. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडले की माणूस आनंदी आहे की नाही हे त्याला किती जोराचा आनंद होतो यावर फारसे ठरत नाही, किती वारंवार होतो यावर ठरते. त्याआधी, 1978 मध्ये, फिलिप ब्रिकमन यांनी लॉटरी लागलेल्या 22 जणांना गाठले तेव्हा रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. हा नमुना फार लहान होता, त्यावर इमारत बांधू नये. पैशाने सुखात काहीच फरक पडत नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष तर चुकीचाच. उत्पन्नासोबत समाधान वाढत जाते असे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या 2021 च्या अभ्यासात दिसले, आणि 2023 मध्ये डॅनियल कानेमन यांच्यासोबत केलेल्या फेरतपासणीत बहुतेकांच्या बाबतीत ते कायम राहिले. त्यामुळे धानाला भाव नसताना शेतकऱ्याला छोट्या छोट्या गोष्टींत सुख शोधा असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरू शकते, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. भाव मागायलाच हवा. पण पूर्व विदर्भाने दोन्ही गोष्टी एकत्र चालवल्या आहेत. दिवाळी झाली, धान घरी येऊ लागले की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, आणि पुढे कित्येक आठवडे झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. हे पैसा आल्यावर करायचे चैनीचे काम म्हणून उभे राहिलेले नाही; बेताच्या मिळकतीच्या गावांनीच ते वर्षाच्या चक्रात ठोकून बसवले आहे. दरवर्षी ठरल्या वेळी, सगळ्यांसोबत, काहीतरी करण्याचा हा आनंद आहे. मोबाइलवर एकट्याने पाहिलेल्या करमणुकीत पाहणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. मंडईत कुणी स्वयंपाक करतो, कुणी पाहुणे सांभाळतो, कुणी तोंडाला रंग लावून उभा राहतो.

शेवटचा आक्षेप वयाचा. पाया बालपणीच पडतो, आता या वयात काय बदलणार? ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 331 गटांतल्या 1,64,868 लोकांची माहिती एकत्र केली. आत्मसन्मान तारुण्यात आणि मध्यमवयात वाढत जातो, साठीच्या सुमारास शिखरावर पोचतो, सत्तरीनंतर उतरू लागतो, असे त्यात दिसते. म्हणजे विशीत स्वतःविषयी धड काही न वाटणे हे बऱ्याच अंशी वयाचे आहे. वाढ होते त्या वर्षांत माणूस नोकरी, संसार, गावची जबाबदारी अंगावर घेत असतो; उतरण लागते तेव्हा तब्येतीबरोबर याच भूमिका एकेक करून सुटत जातात. हे लक्षात घेतले तर ‘बाबा, आता तुम्ही फक्त आराम करा’ या मायेच्या वाक्याचाही फेरविचार करावा लागतो. पऱ्हे कधी टाकायचे, कोणत्या बांधीत किती पाणी धरायचे, बोडीची पाळ कुठे खचते, हे ज्याला चाळीस वर्षांच्या शेतीने शिकवले त्याच्याकडून शेताचा शब्द काढून घेतला, तर त्याच्या मानाचे काय होते ते घरच्यांना पावसाळा संपायच्या आत दिसते. रोवणीचे कष्ट त्याला सांगू नयेत. रोवणी कोणत्या बांधीपासून धरायची हे मात्र त्यालाच ठरवू द्यावे.