कुचला : टक्के, मिलिग्रॅम आणि मुका जीव

कुचला शोधनाशिवाय वापरू नये, हे आपण सारे जाणतो. परंतु अशुद्ध चूर्ण कुत्र्याच्या तोंडी लागल्यास किती घातक ठरते, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. तो आम्ही येथे मांडत आहोत.

१ टक्का म्हणजे १ ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम. कुचलाबीजात स्ट्रिक्नीन सुमारे १ टक्का असते. कुत्र्यासाठी मुखावाटे त्याची घातक मात्रा शरीरभाराच्या प्रतिकिलो सुमारे ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्यास ७.५ मिलिग्रॅम. एवढे विष पाऊण ग्रॅम चूर्णातच असते! दशांशचिन्ह एक घर सरकले, तर साडेसात ग्रॅम समजून आपण निर्धास्त राहू.

म्हणून अशुद्ध कुचला वजन नोंदवून कुलुपात ठेवावा. प्रसंग ओढवल्यास प्राण्याचे व खाल्लेल्या चूर्णाचे अंदाजे वजन टिपून, आक्षेपांची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे धाव घ्यावी, अशी आमची वैद्यबंधूंना व औषधालयचालकांना विनंती आहे.