जुनी ड्युअल-स्पोर्ट घेतलीत? पहिला खर्च कशावर करायचा

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. एकाच गाडीला इथे किती तऱ्हेच्या वाटा तुडवाव्या लागतात, हे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पश्चिमेला अकोल्यात भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघरकडचा कोसळता पाऊस आणि शेवाळलेला कातळ. मधल्या पट्ट्यात राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाची काळी माती आणि उसाच्या ट्रेलरांची वर्दळ. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडचा मुरूम आणि फुफाटा. डांबरावर धावणारी आणि पाणंदीतही न अडणारी ड्युअल-स्पोर्ट गाडी इथे शोभते ती यामुळेच.

२०११ साली हिरोची इम्पल्स आली, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. या गाड्या आता सेकंडहँड बाजारात नव्यापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात. गाडी दारात आली की लगेच प्रश्न पडतो, आता हिला काय बसवायचं? सल्ले भरपूर मिळतात आणि त्यातले बरेच उलट्या टोकाकडून सुरू होतात. म्हणून ज्या समजुतींपायी पैसे वाया जातात आणि हातपायही मोडतात, त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : अपग्रेड म्हणजे गाडीला काहीतरी नवीन बसवणं.

वस्तुस्थिती : जुन्या गाडीचं पहिलं अपग्रेड म्हणजे झिजलेलं सगळं बदलून गाडी पुन्हा मूळ ताकदीवर आणणं. चार-पाच वर्षं खडीवर चाललेल्या गाडीचा कोनसेट, पुढच्या शॉकअपचं ऑइल आणि सील, स्विंग आर्मचे बुश, चाकांचे बेअरिंग, चेन-स्पॉकेट आणि ब्रेक पॅड यांतलं काही ना काही संपत आलेलंच असतं. त्यावर महागडं सामान चढवलं तरी गाडी डगमगायची ती डगमगतेच.

तपासणीला फार हत्यारं लागत नाहीत. इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि एका बोटाने हँडल सावकाश फिरवा. मधोमध येताच ते खोबणीत बसल्यासारखं अडलं, तर कोनसेट गेला. मग शॉकअपचे खालचे पाय दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तरी तेच निदान. या गाड्यांना तारांची चाकं असतात, म्हणून प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारा. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द आवाज देते. शेवटी इंजिनखालचा पत्रा पाहा. त्यावरचे पोचे आणि ओरखडे गाडीचा खरा इतिहास सांगतात, विकणारा काहीही म्हणो.

गैरसमज २ : सायलेन्सर बदलला आणि फ्री-फ्लो फिल्टर टाकला की गाडी पळते.

वस्तुस्थिती : पळते तो बहुतेक वेळा आवाज. अलीकडच्या इंजिनांत इंधन किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो, आणि तो मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर धरून जुळवलेला असतो. नुसता सायलेन्सर बदलून हाताला जाणवेल अशी ताकद क्वचितच मिळते. खालच्या आरपीएमचा ओढा मात्र कमी होऊ शकतो, आणि चढावर, चिखलात लागतो तो हाच ओढा.

फिल्टरची गोष्ट जास्त गंभीर आहे. जामखेड-पाथर्डीच्या फुफाट्यात हवेबरोबर बारीक धूळ आत गेली, तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात आणि गाडी ऑइल खाऊ लागते. इथे मूळ कागदी फिल्टरच चांगला; पुस्तकात दिलेल्या अंतराच्या आधीच तो तपासायचा आणि बदलायचा. खालचा ओढा वाढवायचाच असेल, तर पुढच्या स्पॉकेटचा एक दात कमी करणं हा स्वस्त उपाय आहे. पंधराचे चौदा दात केले की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. हायवेवर इंजिन तेवढंच जास्त फिरतं, ही त्याची किंमत.

गैरसमज ३ : बटन टायर लावले की गाडी कुठेही जाते.

वस्तुस्थिती : टायर हे खरंच सर्वांत मोठा फरक पाडणारं अपग्रेड आहे, पण ‘कुठेही’ चालणारा टायर अजून निघालेला नाही. मोठ्या गुट्ट्यांचा टायर मुरमात आणि भुसभुशीत मातीत उत्तम रुततो. तोच ओल्या डांबरावर आणि रतनवाडीकडच्या ओल्या कातळावर कमी पकडतो, कारण जमिनीला टेकणारं रबरच कमी असतं. काळ्या मातीचं तर शास्त्रच वेगळं. ओली झाली की ती गुट्ट्यांमधल्या फटी भरून टाकते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. मग ती मडगार्डखाली दाबून बसते आणि चाकच अडतं. पाऊस पडल्या पडल्या काळ्या रानातली पाणंद टाळावी; या मातीवर टायरच्या दुकानात उत्तर नाही.

रोजचं जाणं-येणं डांबरावर आणि सुट्टीला घाट असेल, तर अर्धा रस्ता-अर्धी माती अशा मध्यम नक्षीचा टायर घ्या. पण आधी आहे त्याचं वय पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षं उन्हात उभा राहिलेला टायर कडक झालेला असतो आणि ओल्यात दगा देतो.

हिमालयन ४११ आणि एक्सपल्स, दोघींचं पुढचं चाक २१ इंची आणि टायर ट्यूबचे. म्हणून टायरबरोबरच दोन टायर लिव्हर, पॅचचं सामान, छोटा पंप आणि पुढच्या मापाची एक ट्यूब घ्या. खडकाळ वाटेवर हवा चार-पाच पीएसआय कमी केली की पकड सुधारते. त्याहून फार उतरवली, तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते. पंप जवळ असेल तरच हवा कमी करण्यात अर्थ आहे.

गैरसमज ४ : प्रीलोड पूर्ण आवळला की शॉकअप कडक होतो आणि खड्डे लागत नाहीत.

वस्तुस्थिती : प्रीलोड आवळल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही आणि उलट धक्के वाढतात. नेमकं माप बिनपैशाचं आहे. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून वरच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपने अंतर मोजा. मग नेहमीच्या सामानासह गाडीवर बसा, एकाला गाडी सरळ धरायला सांगा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोहोंतला फरक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के असावा. एक्सपल्स २०० च्या मागच्या चाकाची हालचाल १७० मिमी आहे, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी एकूण सुमारे ५० मिमी खाली गेलेली हवी. जास्त गेली तर आवळा, कमी गेली तर सैल करा. पूर्ण आवळूनही ती फार खाली जात असेल, तेव्हाच तुमच्या वजनाच्या स्प्रिंगवर पैसे घाला.

गैरसमज ५ : जितके गार्ड आणि दिवे, तितकी गाडी तयार.

वस्तुस्थिती : बीएस-६ हिमालयन ४११ मुळातच १९९ किलोची आहे. त्यावर लोखंडी क्रॅश गार्ड, जेरीकॅनचे स्टँड आणि पेट्या चढल्या की चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याला उचलत नाही. खालचा पत्रा शाबूत असेल, तर आधी हँडगार्ड घ्या, तेही आत धातूची पट्टी असलेले. गाडी पडली की क्लच नाहीतर ब्रेकचा लिव्हर तुटतो, आणि साम्रदमध्ये लिव्हर तुटला तर सुट्या भागासाठी राजूर-अकोल्याची वाट धरावी लागते. क्लचची जादा केबल जवळ ठेवणं तर त्याहून स्वस्त.

दिव्यांचं महत्त्व इथे खरं आहे. गाळप हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेला उसाचा ट्रेलर अचानक समोर येतो. तरीही सुरुवात हेडलाइटची काच साफ करून आणि झोत नीट लावून करा. जादा दिवे लावायचे, तर ४० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेसहा अँपिअरहून जास्त करंट ओढतात हे लक्षात ठेवा. तो मूळ स्विचमधून नेला तर वायर तापते. रिले आणि फ्यूज हवाच. समोरून गाडी आली की हे दिवे बंद करणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

गैरसमज ६ : माझी गाडी, मी काहीही बदलीन.

वस्तुस्थिती : देशात वाहनांना मान्यतेसाठी तपासणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, आपल्या नगरलाच आहे. मंजूर झालेल्या रूपात मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत फाडफाड आवाज करत जाणं तर माणसांवर आणि जनावरांवरही अन्याय आहे. आधीच्या मालकाने बदललेला सायलेन्सर गाडीबरोबर आला असेल, तर मूळचा मागून घ्या. गाडी आणि विमा आपल्या नावावर करणं हे कुठल्याही सामानाच्या आधी येतं. विमा नावावर करण्यासाठी कायदा चौदा दिवसांची मुदत देतो.

मग क्रम काय?

कागदपत्रं नावावर. मग आयएसआय मार्कचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, हातमोजे आणि घोटा सांभाळणारे बूट. गाडीचा लिव्हर दुकानात मिळतो, घोटा मिळत नाही. त्यानंतर कोनसेट, बेअरिंग, सील, चेन, ब्रेक. त्यानंतर आपल्या रस्त्याला साजेसे टायर आणि पंक्चरचं सामान. पुढे हँडगार्ड, मग दिवे. ताकद वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी. इथवर क्रमाने आलेल्या माणसाला बहुधा कळून चुकतं की गाडीत ताकद पुरेशी होतीच, ती झिजलेल्या भागांत अडकून पडली होती.